बारा व्होल्टान कोण मरता

शॉर्ट ‘झाला’ असं ते म्हणायचे. शॉर्ट ‘केला’ असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत जाळला. जळका वास खोलीभर पसरलेला असताना हातातला स्क्रूड्रायव्हर पँटच्या खिशात ठेवत ते अगदी शांतपणे म्हणाले, “शॉर्ट झाला.”

“झाला नाही काका, तुम्ही केलात.”

“मी कशाला करू? स्क्रू पडला.”

“तुमच्या हातातून पडला.”

“पडायची वस्तू हातातनंच पडते, बाय. आभाळातनं नाय पडत.”

आज हे आठवलं तरी माझं डोकं तापतं. घरमालक म्हणून ते वाईट नव्हते, माणूस म्हणून तर मुळीच नव्हते, हे सगळं मला मान्य आहे. पण चालू कॉम्प्युटरचं कव्हर उघडून आत फूटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घालणाऱ्या माणसाबद्दल मी नरमाईनं लिहावं अशी अपेक्षा कुणी करू नये.

मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी करते. पुस्तकं, संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, आणि हात रिकामा असला की लग्नपत्रिकासुद्धा. घाटकोपरला डोंगराच्या अंगाला एक जुनी चाळ पाडून सात मजली इमारत झाली होती. त्या चाळीत काकांची एक आणि त्यांच्या वारलेल्या भावाची एक अशा दोन खोल्या होत्या, त्यांच्या बदल्यात चौथ्या मजल्यावर शेजारी शेजारी दोन लहान फ्लॅट मिळाले. एकात काका-काकी राहायचे, दुसरा त्यांनी मला भाड्यानं दिला. खिडकीशी टेबल, टेबलावर मोठा स्क्रीन, आणि टेबलाखाली तो कॉम्प्युटरचा डबा. लॅपटॉपवर दिवसभर जोडाक्षरं बघून डोळे जातात, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग निवडून मी तो जुळवून घेतला होता. माझं सगळं पोट त्या डब्यावर होतं.

काका वीज कंपनीतून निवृत्त झालेले. नोकरीभर हाय टेन्शनच्या गँगमध्ये होते, म्हणजे रस्त्याखालच्या जाडजूड केबली आणि सबस्टेशनं. निवृत्तीनंतरही अंगात खाकी पँट आणि पायात रबरी सोलचे बूट, तेही घरात. काकी बिचारी सगळं चालवून घ्यायची, पण काका देव्हाऱ्यासमोर बूट घालून उभे राहायचे त्यावरून रोज सकाळी कुरबूर व्हायचीच. “देवाक शॉक लागाचो नाय ओ,” ती म्हणायची. काका डोळे मिटलेले तसेच ठेवून उत्तर द्यायचे, “देवाक नाय. माका.”

कुठल्याही धातूच्या वस्तूला ते आधी हाताच्या मागच्या बाजूनं शिवायचे. लिफ्टचा दरवाजा, जिन्याचा कठडा, भाजीवाल्याच्या गाडीची लोखंडी कड. तळवा लावला आणि करंट असला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून बसतो, उलटा हात लावला तर झटका बसून हात दूर फेकला जातो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मला ते पटलं. पण नातेवाइकांच्या घरी पाण्याचा स्टीलचा पेला पुढे आला की तोसुद्धा ते आधी उलट्या हातानं चाचपायचे, आणि पेला देणाऱ्या बाईचा चेहरा उतरायचा.

त्यांच्या दृष्टीनं जगात वीज म्हणजे अकरा हजार व्होल्ट. त्याखालचं सगळं खेळणं. घरातल्या दोनशे तीसला ते ‘किरकोळ’ म्हणत. आणि कॉम्प्युटरच्या आत फक्त बारा व्होल्ट असतात हे त्यांना कुठूनसं कळलं तेव्हापासून माझ्या कॉम्प्युटरची त्यांना भीड म्हणून राहिली नाही. “बारा व्होल्टान कोण मरता?” असं ते विचारायचे. “मुंगीसुद्धा मरत नाय.”

मुंगी मरत नाही, काका. मदरबोर्ड मरतो. हे वाक्य मी त्यांना किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे.

तर पहिला प्रसंग असा. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या आत्मचरित्राचं काम माझ्याकडे चालू होतं, शेवटची प्रकरणं राहिली होती, आणि बाईंच्या पंच्याहत्तरीला पुस्तक हातात द्यायचं ठरलेलं होतं. मी दुरुस्तीवाल्याला फोन लावत होते, तेवढ्यात काका भिंतीपलीकडून आवाज ऐकून आले. मी नको नको म्हणेपर्यंत कव्हर निघालंसुद्धा. स्क्रीनवर माझं पान उघडं होतं. कॉम्प्युटर चालू होता.

“काका, आधी बंद तरी करू द्या.”

“बंद केल्यावर पंख्याचा आवाज कसा ऐकू येईल? डॉक्टर नाडी बघतो ती जित्या माणसाची.”

पंख्याचा एक स्क्रू सैल झाला होता, हे निदान बरोबर होतं. स्क्रू आवळला जाण्याऐवजी निघाला, त्या लांब दांडीच्या टोकावरून सुटला आणि खाली हिरव्या बोर्डावर पडला. ‘टिक’ असा, बोट मोडल्यासारखा आवाज झाला. निळसर ठिणगी दिसली. स्क्रीन काळा झाला, पंखा थांबला, आणि मग तो वास. ज्यानं हा वास एकदा घेतलाय त्याला तो पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही.

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत. “तुला काय झालं नाय ना?”

“मला काय होणार?”

“झालं मग,” ते म्हणाले, आणि पुढचं ते ‘शॉर्ट झाला’.

मी रडले. खोटं कशाला सांगू, रागानं रडले. कामाच्या फाइली ज्या डिस्कवर होत्या ती वाचली, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण बोर्ड गेला तो गेला. नवा बोर्ड येईपर्यंत मी एका मैत्रिणीच्या ऑफिसात, सगळे घरी गेल्यावर, तिच्या खुर्चीवर बसून बाईंचं बालपण दुरुस्त करत होते. त्या काळात काकांनी माफीचा एक शब्द उच्चारला नाही. काकीच्या हातून रोज काहीतरी यायचं, एकदा बांगड्याचं तिखलं, एकदा सोलकढी, एकदा घावणे. मी खायचे आणि प्रत्येक घासाला आणखी चिडायचे, कारण तिखलं अप्रतिम असायचं आणि त्यानं माझा राग निवावा असा डाव उघड दिसत होता.

काकीला मी एकदा विचारलं, “एवढं नुकसान झालं तरी यांना काहीच कसं वाटत नाही?”

ती भांडी पुसत होती. हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं. मग म्हणाली, गँगमध्ये असताना त्यांचा एक जोडीदार होता, दोघं एकाच डब्यात जेवायचे. एका सबस्टेशनात काम निघालं. वरच्या माणसानं सांगितलं, लाइन बंद केली आहे. जोडीदार आत गेला. लाइन बंद नव्हती. “तवापासून ह्यांचा असाच,” काकी म्हणाली. “घरात कप फुटू दे, कुकर उडू दे, आधी इचारतले माणूस उभो आसा ना. माणूस उभो असलो की ह्यांच्या लेखी काय झालाच नाय.”

हे ऐकून मला वाईट वाटलं. पण मदरबोर्ड माझा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

नवा बोर्ड बसला. मी काकांना समोर बसवून निक्षून सांगितलं की या डब्याला हात लावायचा नाही, आणि समजा उद्या इमारत पडत असली आणि लावावाच लागला, तर आधी बंद करायचा. त्यांनी मान हलवली.

पुढच्याच महिन्यात मी प्रुफं द्यायला दादरला गेले होते. परत आले तर माझं दार उघडं, काकीकडची किल्ली दाराला, आणि काका माझ्या जमिनीवर मांडी घालून डबा उघडून बसलेले. पंख्याचा आवाज पुन्हा येत होता म्हणे, आणि मी नसताना काम उरकलं की मला त्रास नको, असा त्यांचा विचार होता. मी दारातच किंचाळले. त्या आवाजानं ते दचकले, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक आत कशाला तरी लागलं. पुन्हा तोच बारीक ‘टिक’, पुन्हा तोच वास.

“मी बंद केला होता,” ते लगेच म्हणाले. “बटण दाबून बंद केला. बघ.”

“प्लग?”

“प्लग कशाला?”

“काका, बटणानं बंद केला तरी प्लग लावलेला असला की आत पाच व्होल्ट जिवंत असतात. म्हणून तर बटण दाबल्यावर तो चालू होतो. प्लग काढायचा असतो. बंद दिसतो म्हणजे बंद नसतो.”

मी हे ओरडूनच बोलले. जिन्यात शेजारपाजारचे जमा झाले होते. मला वाटलं आता ते नेहमीसारखं ‘पाच व्होल्टान कोण मरता’ म्हणतील. त्यांनी स्क्रूड्रायव्हर जमिनीवर ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला की माझाच आवाज खाली आला. बंद आहे असं समजून हात घालू नये, हे या माणसाला कुणी शिकवायला हवं होतं का? ते मी मनात म्हटलं, आणि तेही तेच म्हणत असावेत.

उठण्यासाठी त्यांनी एक हात डब्याच्या पत्र्यावर टेकला. घाईत टेकला, सरळ तळव्यानं. दुसरा हात खिडकीच्या लोखंडी जाळीला होता. आणि ते तसेच थांबले.

“हे रोज येतं?”

“काय?”

“ह्या पत्र्याला. झिणझिण.”

“येते थोडी,” मी म्हटलं. “पाय उघडे असले की जास्त. म्हणून मी चप्पल घालून बसते.”

“कधीपासून?”

“राहायला आले तेव्हापासून. कॉम्प्युटरला असतंच ना तसं.”

त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. इतका वेळ रागावण्याचा हक्क माझा होता. एका क्षणात तो त्यांच्याकडे गेला. “असतंच म्हणजे? कुणी सांगितलं असतंच म्हणून?”

ते बुटांचे ठोके देत आपल्या घरात गेले आणि एक बल्ब घेऊन आले, होल्डरला दोन लांब वायरी जोडलेला साधा बल्ब. भिंतीवरच्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये त्यांनी खालच्या दोन भोकांत वायरी घातल्या. बल्ब लागला. मग एक वायर तशीच ठेवून दुसरी वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब लागला नाही. वायर दुसऱ्या बाजूला बदलून पाहिली. तरी नाही. त्यांनी जिन्याजवळचा मेन स्विच पाडला, उलट्या हातानं खात्री केली, आणि सॉकेट भिंतीतून बाहेर ओढलं.

मागे एक हिरवी वायर होती. बोटभर लांबीची. एक टोक सॉकेटला नीट पिळून बसवलेलं, दुसरं टोक कापून भिंतीच्या खोबणीत दुमडलेलं. ती कुठेही जात नव्हती.

“अर्थिंग,” काका म्हणाले. “वीज यंत्राच्या अंगात उतरली तर माणसातनं जाऊ नये, ह्या वायरीनं जमिनीत जावी. तीच नाय. तुकडा लावलाय. बघायला कोणी आलाच तर हिरवं दिसावं म्हणून तुकडा लावलाय.” त्यांचा आवाज चढत नव्हता, उलट खाली खाली जात होता. “विसरला असता तर मी समजलो असतो. विसरतो माणूस. हे विसरलेलं नाय. हे बसून केलंय.”

त्या दिवसापासून काका बल्ब घेऊन घरोघर हिंडायला लागले. लोकांच्या जेवणाच्या वेळा, झोपेच्या वेळा, मालिकांच्या वेळा, काही बघायचे नाहीत. दार उघडलं की सरळ फ्रिजच्या मागे. काही घरांत त्यांना चहा मिळाला, काहींत दार अर्धंच उघडलं. प्रत्येक सॉकेटमागे तोच बोटभर हिरवा तुकडा. ते एकेक तुकडा काढून खिशात ठेवत. त्यांच्या खाकी पँटचा खिसा हिरव्या काड्यांनी फुगलेला मी पाहिला आहे.

आमच्या इमारतीचा सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहायचा. एका खासगी कंपनीत बऱ्या हुद्द्यावर, बोलणं गोड, आणि बिल्डरशी संबंध त्याहून गोड. काका त्याच्याकडे गेले तेव्हा मीही गेले. माझा कॉम्प्युटर हे पुराव्याचं पहिलं कलम होतं.

“काका, लाइट लागते ना?” सेक्रेटरीनं विचारलं.

“लागते.”

“पंखा फिरतो? फ्रिज चालतो?”

“चालतो.”

“मग प्रॉब्लेम काय आहे? उगाच लोकांना घाबरवू नका. आपल्याकडे सगळी सर्टिफिकेटं आहेत.”

“सर्टिफिकेट जमिनीत गाडून त्याक वायर जोड,” काका म्हणाले. “बघूया करंट जाता काय.”

सेक्रेटरी हसला आणि माझ्याकडे वळला. “मॅडम, तुमचा कॉम्प्युटर काकांनीच बिघडवला ना? दोनदा? आणि आता दोष बिल्डरचा?”

ही गोष्ट खरी होती, म्हणून मला दुप्पट राग आला. काकांनी बोर्ड जाळला याचा राग करायचा तर मी करीन. तो सेक्रेटरीच्या कामाला यावा म्हणून मी तो जपला नव्हता. “हो, दोनदा,” मी म्हटलं. “आणि त्यांनी उघडला नसता तर आपल्या भिंतीत काय आहे ते तुम्हाला आजही कळलं नसतं. की तुम्हाला आधीच माहीत होतं?”

त्यावर त्यानं दार लावून घेतलं. इमारतीत माझं नाव भांडखोर भाडेकरू म्हणून झालं ते तिथून.

पुढे काही दिवस काहीच घडलं नाही. काकांना लोक जिन्यात टाळायला लागले. आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना वॉशिंग मशीनचा शॉक बसला. मशीनमधली कुठलीशी वायर सोलवटून पत्र्याला लागली होती. वहिनींनी झाकण उघडायला हात लावला आणि त्या मागे फेकल्या गेल्या. नळाच्या कट्ट्यावर आपटून मनगट मोडलं. नशीब म्हणायचं, कारण चिकटल्या असत्या तर घरात त्या वेळी कुणी नव्हतं.

काका मला घेऊनच खाली धावले. वहिनी बसलेल्या, शेजारणी पाणी देतायत, आणि सेक्रेटरी दारात उभा राहून म्हणत होता, “ओल्या हातानं मशीनला हात लावू नये, हे आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवलं पाहिजे.”

वहिनी दुखण्यानं पांढऱ्याफटक पडल्या होत्या, तरी त्यांनी मान वर केली. “कपडे धुताना हात कोरडे कसे ठेवायचे, ते जरा येऊन दाखवा.”

तिथून वारं फिरलं. काल दार अर्धं उघडणारे लोक आज काकांना बल्ब घेऊन या म्हणून बोलवायला लागले. बिल्डरकडे माणसं गेली, आवाज चढले. आणि एका शनिवारी सकाळी बिल्डरचा सुपरवायझर दोन मजूर घेऊन आला. दुपारपर्यंत पार्किंगच्या कडेला, कुंपणाच्या भिंतीशी, एक हिरवा रंगवलेला पाइप उभा राहिला. भोवती सिमेंटचा चौकोन, चौकोनावर झाकण, झाकणावर पांढऱ्या रंगात ‘अर्थ पिट’. तिथून एक पट्टी मीटर रूमकडे गेलेली. रविवारी सकाळी पार्किंगमध्येच सोसायटीची सभा बोलावली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर सतरंजी, समोसे मागवलेले. सेक्रेटरी म्हणाला, आपल्या सर्वांच्या सहकार्यानं अर्थिंगचं काम पूर्ण झालेलं आहे, आणि सुपरवायझर साहेबांचे आभार.

टाळ्या पडत असताना काका उठले. मला वाटलं भाषण करणार. ते टेबलाकडे गेलेच नाहीत. पार्किंगच्या कडेला गेले, झाकण काढून बाजूला ठेवलं, पाइपला आधी उलटा हात लावला, खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं पट्टीचा स्क्रू सोडवला, मग दोन्ही हातांनी धरला, गुडघे वाकवले आणि ओढला.

पाइप वर आला. सहज नाही, पण मुळा उपटावा इतपत जोरानं आला. जमिनीखाली तो जेमतेम हातभर होता. खाली पाडलेल्या चाळीचा राडारोडा, विटांचे तुकडे, आणि त्यात नुसता खुपसलेला पाइप. तीनेक मीटर खोल जायला हवा, भोवती कोळसा आणि मीठ भरायला हवं, तर आत ओल राहते आणि वीज जमिनीत मुरते. हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या वेळी ते मातीनं भरलेला तो पाइप खांद्यावर घेऊन खुर्च्यांच्या रांगांमधून चालत आले, आणि सेक्रेटरीच्या पुढ्यात, समोशांच्या ताटाशेजारी, आडवा ठेवला. मग खिशातले हिरवे तुकडे मुठीनं काढून त्यावर टाकले.

“हे टेम्पररी आहे,” सुपरवायझर म्हणाला.

“आमी काय टेम्पररी आसव?” काका म्हणाले.

 प्लास्टर घातलेल्या वहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्या उठून टेबलापाशी आल्या, बऱ्या हातानं एक हिरवा तुकडा उचलला आणि सेक्रेटरीसमोर धरला. “हा माझ्या घरातला कुठला ते सांगा,” त्या म्हणाल्या. “नाही ना सांगता येत? मग सगळ्यांच्याच घरात खरी वायर येऊ दे. त्याशिवाय ही सभा संपायची नाही.” सभा खरंच संपली नाही. दुपारी लोकांनी घरून डबे आणून तिथेच जेवण केलं. बिल्डर स्वतः आला तेव्हा कुठे खुर्च्या हलल्या.

खरं काम पुढे झालं. खड्डा खणला तेव्हा काका खुर्ची टाकून त्याच्या काठावर बसायचे आणि मजुरांना नाही, सुपरवायझरला शिव्या द्यायचे. मिठाची गोणी आली ती चाखून बघितली. तांब्याची पट्टी मजल्यामजल्यानं वर चढली, घराघरांतल्या भिंती फुटल्या, धुळीनं आम्ही सगळे बेजार झालो, आणि ज्यांनी सभेत टाळ्या वाजवल्या होत्या तेच धुळीबद्दल काकांना बोल लावायला लागले. काकांनी सेक्रेटरीला राजीनामा द्यायला लावला का? नाही. तो आजही सेक्रेटरी आहे. पार्किंगमध्ये संगमरवराची पाटी लागली, त्यावर बिल्डरचं नाव आणि सेक्रेटरीचं नाव आहे. ती पाटी लागली त्या दिवशी मी काकांकडे जाऊन तावातावानं बोलले. ते म्हणाले, “पाटीतनं करंट जात नाय. सोड.” मी अजून सोडलेलं नाही.

माझ्या घरात हिरवी वायर आली तेव्हा त्यांनी बल्ब आणून तिसऱ्या भोकात लावला आणि तो पेटला. मी चप्पल काढून अनवाणी पायांनी डब्याच्या पत्र्याला हात लावला. काही नाही. थंडगार पत्रा. काका बघत होते, मग घसा साफ करून म्हणाले, “आता पंखा बघू तुझा?”

“नाही,” मी म्हटलं.

“प्लग काढून.”

“नाही, काका.”

ते रागावून निघून गेले. त्या संध्याकाळी काकीनं काही पाठवलं नाही. माझा राग खरा होता तसा त्यांचाही होता, आणि मला तो मान्य होता. त्या डब्याला मी त्यांना पुन्हा कधीही हात लावू दिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यापासून त्यांचं एक नवीन काम सुरू झालं. जमीन सुकली की अर्थिंग निकामी होतं, म्हणून रोज सकाळी बादलीभर पाणी घेऊन चार मजले उतरायचे, खड्ड्याचं झाकण काढायचं, पाणी ओतायचं, ते मुरेपर्यंत तिथे उभं राहायचं. लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून वॉचमननं जिन्यानं जायला लावलं, तर जिन्यानं. गुडघे गेले तरी सोडलं नाही. पाणी मुरताना ते तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत उभे असायचे. मला माहीत आहे, त्या बिल्डरच्या नावानं शिव्या असायच्या.

काकी गेली आणि मग मुलगा त्यांना पनवेलला घेऊन गेला. मी त्याच घरात आहे. मी अधूनमधून पाणी घालत होते, कामाच्या गडबडीत राहूनही जायचं. एक दिवस सकाळी दूध घ्यायला खाली उतरले तर त्या झाकणावर हळदकुंकू. बाजूला उदबत्ती, जास्वंदीचं फूल, आणि एक बाई तांब्यानं पाणी घालून हात जोडून उभ्या. काका जाण्याच्या थोडं आधी सहाव्या मजल्यावर राहायला आलेल्या.

“इथे देव नाहीये हो,” मी म्हटलं. “ही अर्थिंगची जागा आहे.”

“ते म्हातारे काका रोज सकाळी इथे पाणी घालून मंत्र म्हणायचे ना,” त्या म्हणाल्या. “ते गेल्यावर कुणी करेना, मला बरं वाटेना. इमारतीचा रक्षणकर्ता आहे म्हणतात. मी आता रोज घालते.”

माझं डोकं फिरलं. एवढी सगळी लढाई, तो पाइप, वहिनींचा हात, आणि शेवटी झाकणावर हळदकुंकू. वर येऊन मी पहिला फोन काकांना लावला आणि सगळं सांगितलं. ते आता नीट ऐकू येत नाही म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवतात. माझ्याहून जास्त भडकतील अशी माझी खात्री होती.

पण त्यांनी एवढंच विचारलं,

“बाई रोज घालता पाणी?”

“रोज. तांब्याभर. नेम धरलाय.”

“चुकवत नाय?”

“नाही म्हणतात.”

“मग रवांदे,” काका म्हणाले. “हळद घालू दे, कुंकू घालू दे. फकस्त तिका सांग, झाकणावर नको ओतू. झाकण काढून आत ओत. आणि तांब्यान काय होता? बादली घे म्हणावं.”